पांढऱ्या कणसातलं पिवळं पाखरू

अहो सुमनचे बाबा,

आज बरणीतून पाखरू निघालं, म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला आधी सांगावंसं वाटेना.

तुमच्यामागची ही पहिली कापणी. ओढ्याकडच्या तुकड्यात भाताची निम्मी कणसं पांढरी, पोकळ निघाली. थोरले भाऊजी चारचौघांत म्हणाले, "आवणीला रोपांची पहिली मूठ तुझ्या हातची लागली, म्हणून गावदेवी कोपली. पुढल्या सालापासून शेत मी बघतो."

पहिली मूठ सवाशिणीनं लावायची, ठाऊक आहे मला. पण कल्याणच्या दवाखान्यात जायला निघताना तुम्हीच म्हणालात ना, शेत सोडू नको? मग मी कुणाची वाट बघायची होती?

खूप रडले. मग संताप आला. एक पांढरं कणीस ओढलं, तर अलगद हातात आलं. काडी चिरली, आत अळी. देवीला काडी पोखरायची काय गरज पडली? तसल्या चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून बरणीत ठेवल्या. सासूबाई म्हणाल्या, "आता किड्यांचं लोणचं घालतेस काय गं?"

आज त्यातनं कोण निघालं सांगू? तुमची लक्ष्मी. तेच पिवळं, नखाएवढं पाखरू, पंखांवर एकेक काळा ठिपका. स्वराज्य आलं त्या साली लग्न होऊन आंबिवलीला आले, तेव्हापासून बघते. चिमणीच्या दिव्याभोवती ते फिरायला लागलं की तुम्ही माझा हात धरायचात, "लक्ष्मी आहे, मारू नको." आणि ती बया आपल्याच रोपांच्या शेंड्यांवर अंडी घालून वर लव पांघरत होती. तुम्ही म्हणायचात, कापूस चिकटलाय. किती भोळे हो तुम्ही!

भाऊजींना बोलावलं. पाखरू दाखवलं, कापलेल्या शेतातली धसकटं चिरून आतल्या अळ्या दाखवल्या. म्हणाले, "अळ्या असतातच."

सासूबाई वाकून बघत होत्या. त्या भाऊजींना म्हणाल्या, "माझ्या हातची मूठ लागलेली, तेव्हापण एकदा असंच पांढरं झालेलं. तेव्हा तर तुझा बाप जिता होता."

भाऊजी उठून घरी गेले.

उद्यापासून आम्ही दोघी धसकटं उपटून जाळणार. आवणीला रोपांचे शेंडे खुडूनच रोप लावीन, आणि पहिली मूठ मीच लावीन. शेत सोडणार नाही. चिमणीजवळ तुमची लक्ष्मी आली तर मारीन. हात धरायला तुम्ही नाही आता.

तुमचीच,
सुमनची आई