सव्वाचार ते साडेचार, धाकटा

१३ मार्च, संध्याकाळी
वेळापत्रक तयार. उद्या लेकीकडे जाताना मधल्या विमानतळावर साडेबारा तासांचा थांबा. लोक असले थांबे खुर्चीवर पेंगत काढतात. जन्माला येऊन परदेशी बाकडी बघायची! मी एकतीस वर्षं बसगाड्यांची वेळापत्रकं आखली आहेत. साडेबारा तासांत अख्खं शहर करून दाखवतो. म्युझियम, टेकडीवरचा मनोरा, नदीतली बोट, बाजार.

४.१५ ते ४.३०: धाकटा. (माफी. त्याने मागायची.)

हिने विचारलं, सख्ख्या भावाला पंधरा मिनिटं? म्हटलं, नऊ वर्षं बोलणं नाही, त्या मानाने भरपूर आहेत. लेकीच्या लग्नात सगळ्या व्याह्यांसमोर म्हणाला होता की दादाचं टाइमटेबल भिंतीवर लावायला छान. सगळे हसले. व्याही तर पोट धरून. त्या दिवसापासून मी अबोला धरला आहे. तोही गप्प आहे, म्हणजे मन खात असणार.

१४ मार्च, सकाळी ७.१०
उतरलो. वेळेवर. तेवढं एक जमलं यांना.

८.४०
सामान ठेवायच्या काउंटरवर तासभर. पुढच्या गृहस्थांना स्वतःची बॅग ओळखता येत नव्हती. असल्या लोकांना पासपोर्ट देतं कोण? म्युझियम रद्द. फुटकी मडकी बघायला एवढ्या लांब यायची गरज नाही.

९.०५
हिचा फोन वाजला. धाकटा बाहेर येऊन उभा आहे, रजा टाकून, गाडी घेऊन. सव्वाचारला बोलावलेला माणूस नऊला हजर! वेळेचं भान नाही ते नाहीच. इथे लिफ्टा दुरुस्त करतो. वर-खाली, वर-खाली, संपलं आयुष्य.

ही म्हणाली, चला. म्हटलं, धाकट्याने आत यायचं असतं. मोठ्याने उठून जायचं नसतं.

९.३५
चौकशीच्या खिडकीत विचारलं. तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत. सख्खा भाऊ आहे, निर्व्यसनी आहे, असंही सांगितलं (त्याची बाजू मी घेतली, याची नोंद असावी). बाई गोड हसून नाही म्हणाल्या. आपल्याकडे निदान खेकसून म्हणतात. आपल्याशी कोणीतरी बोललं असं तरी वाटतं.

१०.००
ही गेली. पर्स उचलली आणि म्हणाली, तुम्ही मान सांभाळत बसा, मी भाऊजींकडे जेवून येते. मी शांतपणे सांगितलं की सव्वाचारला बाहेरच्या दाराशी मी स्वतः येईन, त्याला तिथे उभा कर. हे पडतं घेणं नव्हे. दार सार्वजनिक आहे.

११.३०
मनोरा रद्द. उंचावरून शहर काय बघायचं? विमानातून दिसलंच की. कॉफी घेतली. बादलीएवढा ग्लास आणि चव काढ्याची. समोर एक कुटुंब सेल्फी काढतंय, मागे कचऱ्याचा डबा. घरी जाऊन सांगतील, फॉरेन बघितलं.

१.१५
बोट रद्द. पाणी सगळीकडे सारखंच.

त्यापेक्षा धाकट्याने माफी मागितल्यावर काय बोलायचं ते पक्कं करतोय. पहिला मसुदा: 'उशिरा का होईना, कळलं.' दुसरा: 'ठीक आहे. पुन्हा होऊ नये.' तिसरा: 'काय रे, बरा आहेस ना?' तिसरा जरा जास्तच मऊ झालाय. पण छोटा आहे, घशात अडकणार नाही.

२.५०
बाजार रद्द. दाराची पाहणी केली. सरकतं, काचेचं. बाहेर पडलं की परत आत यायला तपासणीची रांग, म्हणजे पाऊण तास. सगळं हिशेबात धरलं आहे. दारापासून चाळीस पावलांवर खुर्ची मिळाली. इथून ४.१३ ला उठायचं. तोवर पाच मिनिटं डोळे मिटतो. हे झोपणं नव्हे.

७.२०
हिने गदागदा हलवलं तेव्हा जाग आली. आपल्या विमानाची शेवटची हाक चालू होती. ही पुढे पळत होती, मी मागे. मी ओरडून विचारलं, धाकटा कुठे आहे? ही म्हणाली, गेला. पोरांचा क्लास सुटायची वेळ झाली होती.

७.५५, विमानात
हिने आधी स्वतःचा पट्टा लावला, मग माझा. मग सगळं एकदम बोलली.

चार वाजल्यापासून दोघं दाराबाहेर उभी होती. काचेतून मी दिसत होतो, मान मागे टाकून, तोंड उघडं. ही फोन लावायला गेली तर त्याने तिचा हात धरला. म्हणाला, झोपू दे वहिनी, दमला असेल दादा. साडेसहापर्यंत तिथेच उभा राहून बघत होता.

मी विचारलं, माफीचं काही बोलला का? ही म्हणाली, कसली माफी? लग्नातल्या त्या वाक्याची तिने त्याला आठवण करून दिली, तर त्याला काही आठवेना. मी रागावलोय हेच त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, दादाचं मिनिट न् मिनिट ठरलेलं असतं, आपण मध्ये फोन कशाला करायचा. आणि दादाने या वेळी आपल्यासाठी पंधरा मिनिटं काढलीत, हे त्याने आठवडाभर पोरांना सांगून ठेवलं होतं.

म्हणजे नऊ वर्षं मी एकटाच भांडत होतो. हे लिहिताना मला रडू येतंय, आणि शेजारचा माणूस खुशाल वाकून बघतोय.

परतताना त्याला मुद्दाम भेटायचं ठरवलं. हिला म्हटलं, या वेळी पूर्ण दिवस. तिने पर्समधून तिकीट काढून माझ्यापुढे धरलं. परतीचं विमान थेट आहे, कुठे थांबत नाही. साडेबारा तास वाचतात म्हणून मीच हट्टाने निवडलं होतं.