खुणेने मागवलेलं जेवण

मंगळवार, ९ फेब्रुवारी

ती. वन्संना,

पाया पडते. तब्येत कशी आहे? पथ्य पाळताय ना, की लेकाची पाठ वळली की चालू? सकाळी चालायला जाता असं तो म्हणतो, पण तुम्ही कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन बसता आणि अर्ध्या तासाने परत येता, हेही त्यानेच सांगितलं. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. थंडी आहे, पण ऊन छान पडतं.

आम्ही मोठ्या शहरात आलोय हे तुम्हाला कळलं असेलच. 'फिरायला गेलेत' असं सांग, असं मीच तुमच्या लेकाला बजावलं होतं. फिरणं रोज होतं, ते काही खोटं नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खाटा, एक खिडकी, आणि दाराच्या आतल्या बाजूला ठसठशीत पाटी: 'खोलीत स्वयंपाक करू नये'. माझं शिवणाचं मशीन मागे राहिलं, त्याचं इतकं वाटलं नाही, पण शेगडी नाही म्हटल्यावर हात तुटल्यासारखं झालं. मग काय, तिन्ही त्रिकाळ बाहेर.

पहिले काही दिवस हाल झाले. मोठ्या रस्त्यावर सगळी काचेच्या दारांची हॉटेलं. बाहेर लावलेले भाव वाचूनच पोट भरायचं. बागेतल्या बाकावर पाव-केळी खाऊन आम्ही परत यायचो. शेवटी घरमालकिणीला आमची दया आली. बाई तोंडाने फटकळ, पण मनाने लोणी. म्हणाली, "अहो, मोठ्या रस्त्यावर जेवतं कोण? पाहुणे! स्टेशनच्या मागे जा. बाहेरच्या देशातून आलेले लोक तिथे खानावळी चालवतात. टॅक्सीवाले जिथे रांग लावतात तिथे शिरायचं. रात्री नाही, दुपारी. दुपारचं ताट भरपूर असतं आणि स्वस्तही. आणि वेटर तुम्हाला हाताला धरून आत ओढत असेल, तर समजा आत कोणी जेवत नाही."

तिच्या सांगण्यावर आम्ही त्या गल्लीत गेलो. वन्सं, काय सांगू! एका गल्लीत चार-पाच देशांची चूल. कुठे वाफाळत्या सुपात शेवया, कुठे एकाच थाळीभोवती सगळं घर हात घालून जेवतंय, कुठे भिंतीला चिकटवलेल्या भट्टीतून हातभर लांब पाव निघतोय. पाट्या अशा लिपीत की वरची बाजू कुठली तेच कळेना.

टॅक्सीवाले होते तिथे शिरलो. सहा टेबलं, प्लास्टिकचे ग्लास, गल्ल्यावर एक जाडजूड नवरा आणि मागे स्वयंपाकघरात डोक्याला लाल रुमाल बांधलेली त्याची बायको. आमचं तिला कळेना, तिचं आम्हाला. माझी जीभ किती चालते ते तुम्हाला माहीत आहे, पण तिथे तिचा काही उपयोग होईना. मी तिखट नको म्हणून हा-हू करून दाखवलं, तर तिने पंखा लावला. कोंबडी आहे का विचारायला मी दोन्ही कोपरं हलवली, तर शेजारच्या टेबलावरचे टॅक्सीवाले जेवण थांबवून बघायला लागले.

मी दमून गप्प बसले. तेव्हा ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. शेजारच्या ताटाकडे बोट केलं, दोन बोटं वर केली, मग तळहात खाली दाबला, म्हणजे तिखट कमी. लाल रुमालवाली मान डोलवून आत गेली. आमच्यासमोर तसंच्या तसं ताट आलं. पातळ भाकरीवर मटणाचा रस्सा, बाजूला दही. वर वाटीभर जास्तीचं दही तिने आपण होऊन ठेवलं, आणि ते माझ्यापुढे नाही, ह्यांच्यापुढे. विचारलं तेही ह्यांनाच, भुवया उंचावून. ह्यांनी अंगठा दाखवला.

मी तोंडाला पदर लावून रडले. ते का, हे आता तुम्हाला सांगायलाच हवं. हे पत्र देताना शेजारी बसून राहा असं मी तुमच्या लेकाला कळवलंय. तो बसला असेल तर त्याचा हात धरा. वाईट जे व्हायचं ते होऊन गेलंय, आणि आता पुढचं चांगलं आहे, हे आधी लक्षात घ्या.

तुमचं हृदयाचं ऑपरेशन झालं, त्याच्या पुढच्याच आठवड्यात ह्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. बाजारात, लिलाव पुकारताना. टोमॅटोच्या ढिगावर उभे होते. शेवटचा भाव म्हणायला हात वर केला आणि आवाजच फुटेना. बाजारात ह्यांना सगळे नगाराच म्हणतात ना, लोकांना वाटलं, नगारा गंमत करतोय. अख्खा बाजार ज्या आवाजावर उघडायचा आणि मिटायचा, तो मध्येच थांबला. हात-पाय वाचले, वाचा गेली. सगळं कळतं, वन्सं, सगळं. फक्त शब्द बाहेर येत नाही.

तुमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की तुम्हाला कसलाही धक्का बसता कामा नये. म्हणून तुम्ही फोन केलात की मी म्हणायची, "आत्ताच बाहेर पडले," "अंघोळीला गेलेत," "घसा बसलाय." गेल्या वेळी तुम्ही म्हणालात, "मोठा झाला हो माझा भाऊ, बहिणीशी बोलायला त्याला वेळ नाही." तेव्हा हे माझ्या शेजारीच बसले होते. फोनचा आवाज मोठा होता. त्यांनी ते ऐकलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

म्हणून आम्ही इथे आलो. इथल्या हॉस्पिटलमध्ये एक स्पीच थेरपिस्ट आहे, वयाने आपल्या घरातल्या पोरींएवढी. ती चित्रांची कार्डं दाखवते, ह्यांनी नाव सांगायचं. पहिल्याच आठवड्यात ह्यांनी कार्डं भिरकावून दिली. मीही शेजारी बसून 'घ...घ...' झालं की पटकन 'घर' म्हणून टाकायची. पोरीने मला बाहेर नेलं आणि म्हणाली, "काकू, घरी त्यांचं बोलणं कोण बोलतं?" मी म्हटलं, "मीच. नाहीतर कोण?" ती म्हणाली, "मग त्यांनी कशाला बोलावं?"

राग आला मला. इतके महिने मी जिवाचं रान केलं, आणि ही कालची पोर मला शिकवणार! पण खानावळीतली गोष्ट तिला सांगितली तेव्हा तिचे डोळे चमकले. "रोज जा," ती म्हणाली. "रोज नव्या ठिकाणी. मागवायचं त्यांनी. तुम्ही तोंड उघडायचं फक्त जेवायला."

मग आम्ही तेच केलं. त्या गल्लीत कोणालाच कोणाची भाषा धड येत नाही. सगळेच बोटं करतात, सगळेच हसतात. तिथे हे आजारी माणूस नव्हतेच मुळी. एका ठिकाणी ह्यांनी मासा मागवण्यासाठी हात असा काही वळवळवला की म्हाताऱ्या मालकाने टाळी दिली. कधी भलतंच यायचं. एकदा गोड समजून मागवलेलं इतकं आंबट निघालं की आमची दोघांची तोंडं एकाच वेळी वाकडी झाली, आणि मग हसून हसून पुरे. किती दिवसांनी हसलो होतो!

दोन रविवारांपूर्वी मात्र माझ्या डोक्यात आलं की आज जरा थाटात जेवू. मोठ्या रस्त्यावर, आपल्या भाषेच्या ठिकाणी. छापील मेनू, टेबलावर फूल. वेटर आला, ह्यांच्याकडे एकदा बघितलं आणि मला विचारलं, "साहेबांना काय?" आणि मी, सवयीने, सांगून टाकलं. ह्यांना ते नको होतं. त्यांनी मान हलवली, 'भ...भ...' करत राहिले. मी ओठ चावून गप्प. तो वेटर हसून मला म्हणाला, "भरदुपारीच घेतलीय वाटतं."

हे उठले. खुर्ची नीट आत सरकवली आणि बाहेर गेले. मी त्या वेटरला झाडायला थांबले. त्याच्या सात पिढ्या झाडून बाहेर आले, तर रस्त्यावर हे नाहीत.

वन्सं, रविवारची दुपार, मुंग्यांसारखी माणसं, आणि ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही असा माझा माणूस त्यात कुठेतरी. ह्यांचा फोन टेबलावरच राहिला होता. बसस्टॉप बघितले, बाग बघितली, खोलीवर जाऊन आले. पोलीस चौकीत गेले. हवालदार चांगला होता, त्याने पाणी दिलं. "कोणी विचारलं तर पत्ता तरी सांगतील ना?" म्हणाला. मी नाही म्हटलं, तर तो लिहिता लिहिता थांबला. त्या क्षणी तुमचं तोंड डोळ्यांपुढे आलं. वाटलं, आता वन्संना काय सांगू? आजार लपवला, आता माणूसही हरवला.

पाय नेतील तिकडे चालत स्टेशनच्या मागे आले. गल्ली दुपारची सुस्तावलेली, टॅक्सीवाले गाड्यांत झोपलेले. आणि एकदम मला आवाज ऐकू आला.

"मीठ!"

तो आवाज मी कुठेही ओळखला असता. टोमॅटोच्या ढिगावरून बाजाराच्या फाटकापर्यंत जाणारा. थोडा फाटलेला, पण तोच.

"मी-ठ!"

मागच्या दारातून डोकावले. स्वयंपाकघरात हे एका उलट्या क्रेटवर बसलेले, कमरेला टॉवेल, समोर कांद्यांचा ढीग, डोळ्यांतून पाणी. लाल रुमालवाली हातात डबा घेऊन उभी. बिचारी टॅक्सीवाल्यांकडून आपली भाषा शिकतेय, अर्धीमुर्धी. ती म्हणत होती, "मिट?" आणि हे मान हलवत होते. "मिट्ट?" तर ह्यांनी सुरी खाली ठेवली, हात वर केला आणि गरजले, "मीठ!" तुमचा भाऊ आहे तो. समोरचा चुकीचं बोलला की त्याला कुठे राहवतं? लहानपणी तुमच्या पाढ्यांच्या चुका काढून मार खायचा, हे तुम्हीच सांगितलं आहे ना?

मी आत जायला निघाले, तर ती बाई माझ्या वाटेत उभी राहिली. रस्त्यात गांगरून उभ्या असलेल्या ह्यांना तिच्या नवऱ्याने बघितलं आणि आत आणून बसवलं, हे तिने हातवाऱ्यांनी सांगितलं. मग कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट करून म्हणाली, "तू बस. चूप. हा मास्तर."

बसले, वन्सं. जन्मात पहिल्यांदा कोणी मला चूप म्हटलं आणि मला बरं वाटलं.

आता सगळं खरं सांगतेय तर हेही सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शब्द गेला होता. ह्यांचं तोंड उघडायचं आणि मिटायचं. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. पण दुपारी त्या स्वयंपाकघरात तिने मुद्दाम 'मिट' म्हटलं आणि तो परत आला. त्याच्या मागोमाग 'कांदा' आला, 'पाणी' आलं, 'नको' आला. 'नको' सगळ्यात जास्त येतो. जेवणाची गर्दी ओसरली की आता हे रोज तिथे बसतात, ती वस्तू उचलून दाखवते, हे नाव सांगतात. कधी लगेच, कधी घाम फुटेपर्यंत. तिला घाई नसते. अडकलेल्या शब्दाची तिला सवय आहे, तिचेही रोज अडकतात.

थेरपिस्ट म्हणते, वाक्यं येतील, पण हळू. लिलाव पुकारणं आता होणार नाही. तिने हे आमच्या दोघांसमोर सांगितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. बाहेर आल्यावर ह्यांनी गळ्याला हात लावला, हवेत झटकून दिल्यासारखा केला, आणि मग स्टेशनच्या दिशेने बोट केलं. जेवायची वेळ झाली होती.

कोणाचे उपकार मानू, सांगा. घरमालकिणीने ती गल्ली दाखवली नसती तर? परवा मी त्या लाल रुमालवालीला नवा रुमाल हातानेच शिवून नेला, लालच, कडेला बारीक टीप घालून. तिने तो लगेच बांधला आणि ह्यांच्याकडे वळून विचारलं, कसा? ह्यांना बराच वेळ लागला. सगळं स्वयंपाकघर थांबलं. मग म्हणाले, "छान." मला वाटतं, लग्नानंतर इतका विचार करून त्यांनी कोणाला छान म्हटलेलं नाही, मला तर नाहीच!

तुमच्यापासून लपवलं याचा राग आला असेल तर तो माझ्यावर काढा, ह्यांच्यावर नको. पण त्याआधी एक करा. तुमच्या डॉक्टरांनी आता प्रवासाला हरकत नाही म्हटलंय, हे मला तुमच्या लेकाकडून कळलंय. तर या. घरमालकीण खोलीत आणखी एक खाट टाकून देते म्हणाली. दुपारी तुम्हाला त्या गल्लीत नेऊ. तुमच्यासाठी काय मागवायचं ते तुमचा भाऊ ठरवेल आणि तोच सांगेल. वेळ लागेल. शब्द त्याच्या ओठांपाशी येऊन अडेल, आणि तो तुमच्या जिभेवर तयार असेल, माझ्याही असतो. तो गिळून टाका. आपण दोघी गप्प बसू, वन्सं. आणि तो जे मागवील ते पोटभर जेवू.

वाट बघतोय.

तुमची भावजय,
आजवर दोघांच्या वाटचं एकटीनेच बोलत आलेली