रिबेकाबाईंना न्यायला आले

शुक्रवार, मोहाडी

फोन तर मीच केला होता ना? मग आता जीव कायले खालीवर होऊन राहिला?

रिबेकाबाई, गावातल्या एकट्याच यहुदी. माझी दोन्ही बाळंतपणं याच नर्सबाईंनी केली. आता नजर गेली, जेवणाचे हाल. म्हणून मुंबईच्या त्यांच्या समाजाच्या संस्थेला कळवलं. वाटलं, धान्य-औषधं पाठवतील. आज दोघं आले ते थेट वृद्धाश्रमात न्यायला.

"तिथं शब्बाथला सगळे आपलेच असतील," ते म्हणाले.

बाईंचा चेहरा उजळला. मग माझा हात धरून म्हणाल्या, "शेवंता, जाऊ का वं?"

इथं शुक्रवारी सांजेला त्यांच्या शब्बाथच्या दिव्याजवळ बसणारी मी एकटीच, रोज बुद्धवंदना म्हणणारी.

"जा बाई," म्हटलं.

त्या रडल्या. आनंदानं, की मी थांबवलं नाही म्हणून? विचारायची हिंमतच झाली नाही.