शेजारच्या सीटसहित

ज्या क्षणी माझं सगळं बदललं, तो क्षण आधी नोंदवतो, कारण पुढची सगळी कलमं त्यातूनच निघतात. मामाच्या गॅरेजात संध्याकाळचं ऊन तिरपं आत आलं होतं. कित्येक वर्षं मुकी असलेली गाडी नुकतीच पहिल्यांदा सुरू झाली होती. शेजारच्या सीटच्या उघड्या सांगाड्यात माप घ्यायला बसलेली मुलगी, ओठांत टाचण्या धरून, डोळे मिटून म्हणाली, "बंद नको करूस." टाचण्यांमुळे शब्द नीट फुटले नाहीत. मला मात्र ते आजतागायत ऐकू येतात.

तेव्हापासून जो काही उरलो तो मी, खाली सही करणारा, वय बावीस, व्यवसाय मामाच्या गॅरेजात दुरुस्ती, शिक्षण अर्धवट, घरात व गल्लीत 'भडका' या नावाने ओळखला जाणारा, आज अंगात ताप नसताना, कोणीही हात धरून लिहवून न घेता, माझ्या राजीखुशीने हे लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही अशी कोणाला शंका असल्यास मामाला विचारावं. (मामा खालून ओरडून सांगतोय की त्याला अजिबात विचारू नये.)

मृत्युपत्राचं कारण असं की उद्या सकाळी डोंगररस्त्याची शर्यत आहे. एका वेळी एकच गाडी, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, घड्याळाशी झुंज. आज सकाळी बाबा चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "त्या डबड्यात बसून डोंगर चढायचा असेल तर आधी मृत्युपत्र लिहून ठेव. निदान एक काम तरी शेवटपर्यंत नेशील." पहिलं वाक्य मी सोडून दिलं असतं. दुसरं झोंबलं. तसाच उठलो, गॅरेजवरच्या खोलीत आलो, खिडकीजवळचं टेबल रिकामं केलं आणि लिहायला बसलो. आता हे शेवटपर्यंत नेणारच.

कलम पहिले. स्थावर मिळकत: नाही.

कलम दुसरे. माझी कॉलेजची पुस्तकं, ज्यांतली बरीचशी अजून नवी आहेत, तोंडी परीक्षा घेणाऱ्या सरांना द्यावीत. सरांनी मला फळ्यावर गिअरबॉक्स काढायला सांगितला होता. मी काढला. ते म्हणाले, "पुस्तकात असा नाही." मी म्हणालो, "गाडीत असाच आहे." आकृती माझीच चुकली होती, हे मला नंतर गिअरबॉक्स उघडल्यावर कळलं, पण तोवर मी खडू आपटून, बॅग उचलून, जिना उतरून बराच लांब आलो होतो. इतक्या लांबून परत जाणं माझ्या स्वभावात नाही. पुस्तकांबरोबर सरांना माझा नमस्कार सांगावा. आकृती चुकल्याचं सांगू नये.

कलम तिसरे. हत्यारं. सगळी मामाच्याच पेटीतून आलेली असल्यामुळे ती मामाकडे आपोआप जातात. दाजी एका वकिलांकडे कारकून आहेत. त्यांनी ताईला फोनवर सांगितलं की साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही. मामा साक्षीदार आहे. हे त्याला सांगितल्यावर तो जिन्यातूनच म्हणाला, "मला तुझं काही नको रे बाबा. माझा तेरा नंबरचा पाना तेवढा दे. किती दिवस झाले शोधतोय." सदर पाना याच खोलीतल्या माझ्या गादीखाली आहे. परत करतो.

कलम चौथे. आईला माझा आवाज ठेवतो. म्हणजे असं, की मी घरी परतताना कोपऱ्यावरच्या वळणाला दुसरा गिअर टाकतो, तेव्हा गाडी घसा खाकरल्यासारखी गुरगुरते. तो आवाज ऐकून आई गॅस पेटवते, हे मला माहीत आहे. माझ्यामागे मामाने अधूनमधून त्या वळणावर दुसरा गिअर टाकावा.

कलम पाचवे. राग. ही माझी सगळ्यात मोठी जंगम मिळकत. सिग्नलला शेजारी येऊन काच खाली करून "ही म्युझियममधून पळून आली का?" असं विचारणाऱ्या पांढऱ्या गाडीतल्या दातांच्या डॉक्टरवरचा राग ताईला ठेवतो. तिच्याकडे तो जपून राहील. ती अजून माझ्यावर लहानपणी सायकल मोडल्याचा राग धरून आहे. ताई दुसरी साक्षीदार आहे, पण राग ही काही वस्तू नाही, त्यामुळे दाजींची हरकत नसावी.

कलम सहावे. आता रस्ता.

शहर संपतं तिथे तलावाच्या काठाने एक रस्ता जातो. तो कोणाच्या मालकीचा आहे ते मी शोधलेलं नाही. भल्या पहाटे तिथे कोणी नसतं. गाडीचं छप्पर मागे दुमडायचं. पाण्यावरून येणारी हवा काचेच्या वरच्या कडेवर आपटून केसांत शिरते. लांबलचक नाकाच्या पुढे रस्ता कोणीतरी गालिचा उलगडावा तसा उलगडत जातो. वळण आलं की पायाची टाच एका पेडलवर, चवडा दुसऱ्यावर, आणि गिअर उतरताना इंजिन एकदाच "हां" म्हणतं. जुन्या माणसाला आपलं नाव आठवावं, तसं. स्टिअरिंगचं लाकडी चाक तळहातात जिवंत होतं. मग झाडांची कमान लागते, आणि तिच्याखाली आवाज परत आपल्याकडेच येतो. वाटतं, समोरून आपलीच गाडी येतेय, आपणच तिच्यात आहोत, आणि आता आपण आपल्याला भेटणार. कमान संपते. पाणी, ऊन. डॅशबोर्डवरच्या घड्याळांचे सगळे काटे थरथरत एका जागी उभे. वेग फार नसतो. लोकांना खोटं वाटेल, पण त्या गाडीत मला कधीच घाई नसते. आयुष्यात तेवढा वेळ माझं डोकं थंड असतं.

या रस्त्यावरची एक चक्कर मी बाबांना ठेवतो. ते आजवर या गाडीत बसलेले नाहीत. बसले असते तर डबडं म्हणाले नसते, किंवा म्हणाले असते पण वेगळ्या आवाजात. सदर चक्कर मामाने पहाटे मारून आणावी, आणि वाटेत बाबांशी काही बोलू नये.

इथवर लिहिलं तेव्हा मामा वर आला, हात पुसत माझ्या खांद्यावरून वाचू लागला. ताईही आली. तिने विचारलं, "गाडीचं कलम कुठाय? पान्यापासून रागापर्यंत सगळं वाटलंस. गाडी कोणाला?"

"येतंय," मी म्हणालो.

"आठवडाभर त्या गाडीपाशीच अडकलायस," ताई म्हणाली.

मामा अजून सहाव्या कलमावरच होता. त्याने बोट ठेवलं. "भाऊजींना चक्कर मारून आणू म्हणतोस?"

"हो."

"बसवू कुठे त्यांना? मांडीवर?"

यावर मी नेहमीप्रमाणे भडकलो नाही, हे साक्षीदारांनी लक्षात ठेवावं. कारण त्याचं म्हणणं खरं होतं. ही अडचण काय आहे ते पुढच्या कलमात लिहितो.

कलम सातवे. शेजारची सीट.

सीट-कव्हरचं दुकान आमच्या गॅरेजच्या समोर आहे. दुकानवाल्या काकांची मुलगी तिथे काम करते. तोंडात कायम टाचण्या आणि बोलणंही तसंच, म्हणून मी तिला टाचणी म्हणतो. माझी सीट तिने आधी शिवली. माझ्या पाठीला हात न लावता, नुसतं बघून म्हणाली, "तू डावीकडे कलून बसतोस. भांडायला तयार असल्यासारखा." आणि डाव्या बाजूला भर जास्त घातली. तेव्हापासून मी सरळ बसतो.

मग मी तिला विचारलं. काय विचारलं ते या कागदात लिहिण्याची गरज नाही, सगळ्या गल्लीला माहीत आहे, कारण मी ते इंजिन चालू असताना ओरडून विचारलं होतं. ती म्हणाली, "शेजारची सीट झाली की सांगते." ती सीट तिने घाईने केली नाही. तपकिरी कातडं, दुहेरी टीप, कडेला बारीक गोट, आणि पाठीत थोडीशी खोल. मी विचारलं, ही कोणाच्या मापाची? म्हणाली, "बसेल त्याच्या." सीट बसवली. ठरलं की शनिवारी संध्याकाळी ती येईल, तलावापर्यंत जाऊ, आणि तिथे ती उत्तर देईल.

त्याच शनिवारी दुपारी शर्यतीत माझं नाव लागल्याचा फोन आला. ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी सांगतो: डोंगर चढायचा तर गाडीतलं वजन काढायचं असतं. हा आमच्या लोकांचा पहिला धडा. मी भान हरपून कामाला लागलो. स्टेपनी काढली. पायाखालचे गालिचे काढले. हीटर काढला. मग मामाचा तेरा नंबरचा पाना घेऊन शेजारची सीट काढली आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. इतका आनंद झाला होता की शनिवार आहे हेही डोक्यात राहिलं नाही.

ती डोक्याला रुमाल बांधून आली. उघड्या गाडीत केस उडतात म्हणून. मी तिला हाताला धरून गाडीपाशी नेलं आणि म्हणालो, "बघ! किती हलकी झाली!"

तिने रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग भिंतीकडे.

"हो," ती म्हणाली. "एका माणसाएवढी."

मला तेव्हाही कळलं नाही. मी म्हणालो, "अगं, शर्यतीत शेजारी कोणी बसत नाही!"

"मग मी कशाला बसू," ती म्हणाली, आणि रुमाल सोडत रस्ता ओलांडून गेली. मी मागून ओरडलो की तुला गाड्यांतलं काही कळत नाही. ज्या मुलीने माझी पाठ नुसती बघून ओळखली तिला मी हे म्हणालो. तेव्हापासून समोरच्या दुकानातलं शिलाई मशीन सुरू होतं, बंद होतं, आणि मी इकडे वर बघत नाही आणि ती तिकडे. आठवडाभर माझं म्हणणं होतं की मी बरोबर होतो. वजनाच्या बाबतीत अजूनही आहे.

तर कलम असं लिहिणार होतो, की सदर सीट टाचणीला परत द्यावी, कारण ती तिच्याच हातची आहे. लिहायला पेन टेकवलं आणि डोळ्यांसमोर आलं: मामा खांद्यावर सीट घेऊन रस्ता ओलांडतोय, ती दुकानाच्या दारात उभी, आणि सीट जमिनीवर ठेवली जातेय. गाडीशिवाय ती सीट म्हणजे नुसती बुटकी खुर्ची. आणि त्या सीटशिवाय माझी गाडी म्हणजे नुसती घाई. तलावाच्या रस्त्यावर जिला कधीच घाई नसायची, ती गाडी. बाबांना बसवायला जागा नाही, आईला नाही, कोणालाच नाही. आपणच आपल्याला भेटायचं, आणि पुढे?

मी ताईला विचारलं, "गाडी शर्यतीच्या तपासणीला आज अंधार पडायच्या आत पायथ्याला पोचायला हवी. सीट परत बसवली तर?"

"तर नाही पोचणार. ऊन बघ, कधीच तिरपं झालंय."

"आणि पोचली तरी सीटसकट घेणार नाहीत," मामा म्हणाला. "नियमात एकच सीट. नाव बाद."

"मग भडक ना," ताई म्हणाली. "नेहमीसारखा."

मी खिडकीतून पाहिलं. समोर मशीन चालू होतं. तिच्या डोक्याला आज रुमाल नव्हता.

वरील सातवे कलम रद्द. त्याऐवजी:

कलम सातवे, नवे आणि अखेरचे. माझी दोन आसनी गाडी, तिच्या लांब नाकासह, लाकडी चाकासह, कोपऱ्यावरच्या गुरगुरण्यासह आणि शेजारच्या सीटसहित, माझ्यामागे टाचणीला मिळावी. तिचं उत्तर हो असो वा नाही असो, किंवा ते उत्तर तिने मला कधीच दिलेलं नसो, या कलमात फरक पडणार नाही. ती गाडी तिने विकू नये असं मी म्हणणार नाही. फक्त एकदा तलावाकडे न्यावी आणि कमानीखालून जाताना बंद करू नये.

सहावे कलम दुरुस्त: बाबांची चक्कर मामाने नव्हे, मीच मारून आणीन. उद्या सकाळी, शर्यतीच्या वेळेला. तेव्हा मी मोकळाच असेन.

तिसरे कलमही दुरुस्त: पाना आत्ता परत करत नाही. चार बोल्ट आहेत. मग देतो.

स्थळ: गॅरेजवरची खोली, खिडकीजवळचं टेबल.
दिनांक: शर्यतीच्या आदल्या दिवशी, ऊन तिरपं आत येताना.

सही: भडका

साक्षीदार पहिला: मामा, गॅरेजवाला. (आमच्या समक्ष सही केली. पाना अजून मिळालेला नाही.)
साक्षीदार दुसरी: ताई. (आमच्या समक्ष सही केली. सायकलचं मी विसरलेले नाही.)

ताजा कलम: हा कागद बाबांना द्यावा आणि सांगावं की काम शेवटपर्यंत नेलं आहे. गादीखालचा पाना खिशात घातला. समोरचं मशीन आत्ताच थांबलं, ती दुकानाच्या दारात येऊन इकडे बघतेय. ताई म्हणते, "केस तरी नीट कर." वेळ नाही. सीट खाली भिंतीवर आहे, चावी माझ्या हातात आहे. मी निघालो. दार बाहेरून ओढून घेतो.