मागावरचा नागेश

२८ एप्रिल, सोम.
समोरच्या हवालदारांचा फौजेतला नागेश आज सकाळच्या गाडीनं गेला. रजेचे अकरा दिवस शिल्लक होते. काल युनिटातून फोन आला, निघा. कमळाक्कांनी, म्हणजे त्याच्या आईनं, रात्रीतून कडक भाकऱ्यांचा गठ्ठा बांधला. रिक्षात बसायच्या आधी पोरगा माझ्याही पाया पडला. मी काय बोललो? "सांभाळून रे." बस्स. धाग्यांशी दिवसभर बडबड करतो आणि माणसाशी बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप.

दुपारी जेवून आडवा झालो. कारखान्यातले माग चालूच होते. त्या आवाजात झोप नाही आणि जागही नाही, मधलंच काहीतरी. डोळे मिटले तर नागेशचा चेहरा दिसायला लागला, एकेक आडव्या धाग्यानं खालून वर येणारा. आधी हनुवटी, मग ओठ, मग नाक. डोळ्यांपर्यंत आला आणि सौ.नं चहाला हाक मारली.

विणायचा. ठरलं.

३० एप्रिल
गल्लीतल्या मंडळाची मीटिंग. ९ तारखेला हवालदार आणि कमळाक्कांचा सत्कार, जवानाचे आईबाप म्हणून. शाल, नारळ, फेटा, फ्लेक्स. सगळ्यांना एकदम उमाळा आलाय. फौजेतून आल्यापासून बारा वर्षं हा माणूस एटीएमच्या दारात स्टुलावर बसतो. आपण आत जायचं, नोटा काढायच्या, "काय हवालदार!" म्हणायचं आणि चालू लागायचं. त्यांचं खरं नाव किती जणांना माहीत आहे? मला आज फ्लेक्ससाठी विचारावं लागलं. लाज वाटली, खोटं कशाला लिहू.

मी जाहीर करून टाकलं, माझ्यातर्फे भिंतीवर लावायचं चित्र, विणलेलं. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर सौ. तेलुगूत बोलली, म्हणजे राग खरा. "ऑर्डरीचे टॉवेल कोण काढणार?"

काढू की.

२ मे, शुक्र.
हवालदारांकडून नागेशचा वर्दीतला फोटो घेतला.
"कशाला वो मास्तर?"
"असंच, लागतोय."
"घ्या की. त्यात लई गंभीर दिसतंय बेणं. तसं न्हाय त्ये."

खरंय. तो हसरा आहे. पण आहे तो फोटो असा. काँप्युटरवर मोठा केला. एक चौकोन म्हणजे एक धागा. डाव्या डोळ्याखाली तीळ आहे, आजवर दिसला नव्हता मला. समोर राहून पोराला सव्वीस वर्षं बघतोय आणि तीळ माहीत नाही! तिळाला तीन चौकोन दिले. मग दोनच ठेवले.

४ मे
ऊन मरणाचं. कूलर नुसता वारा फेकतोय. राखाडीच्या सहा छटा आणि वर्दीचा हिरवा. गालाच्या सावलीत दोन तास गेले, कळलंच नाही. मधेच वाटलं नागेश मागे उभा आहे आणि म्हणतोय, काका, नाक जरा सरळ करा. वळून बघितलं तर कोणी नाही.

चेहऱ्याभोवती काहीतरी हवं, नाहीतर चित्र उघडं दिसतं. नवीन किनार काढायची तर दोन दिवस. एका मठाच्या जुन्या ऑर्डरची फुलांची वेल काँप्युटरात पडून होती, महाराजांच्या चित्राभोवतीची. तीच उचलून बसवली. छान बसली. उद्यापासून मागाला नक्षी सांगणाऱ्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची. खूश आहे.

७ मे, बुध.
पहाटेच बातमी. सीमेवर सुरू झालं.

गल्लीत प्रत्येक घरात टीव्ही मोठ्यानं. पोरं फटाके आणायला निघाली होती. समोर कमळाक्कांनी टीव्हीवर चादर टाकलीय. हवालदार नेहमीसारखे डबा घेऊन कामाला गेले. मी दारात गेलो तर त्या म्हणाल्या, "परवापास्नं फोन लागंना मास्तर. बंद हाय म्हणतंय." सौ.नं नंतर आमटी नेऊन दिली. ती तशीच परत आली.

८ मे
मागावर चढवला.

आमच्या कामात चित्राची सुलट बाजू खाली असते. वरून नुसता धाग्यांचा गोंधळ दिसतो. काय उमटतंय ते कापड उतरवल्यावरच कळतं. पण मला दम कुठला? माग थांबवला आणि खाली उताणा शिरलो, बॅटरी घेऊन. या वयात! अंगावर कापसाची धूळ, आणि वर, हातभर अंतरावर, नागेश. डोळे नुकतेच पुरे झाले होते. तो माझ्याकडे बघत होता. किती वेळ पडून होतो कोण जाणे. वाटलं, हा तिकडं कुठंतरी असाच आभाळाकडं बघत पडला असेल, आणि मी इथं त्याच्या खाली. म्हटलं, बाबा रे, नीट राहा. तोंडातून शब्द निघाले शेवटी, तेही कापडाशी.

मागवाला म्हणाला, मास्तर, झोपलात का?

९ मे, शुक्र.
लिहवत नाही. पण लिहितो.

कापड दुपारी उतरलं. डोळेच बघत बसलो, तीळ बघितला, गुंडाळी केली, सौ.नं वर कागद लावला. संध्याकाळी सहाला मांडव. हवालदारांना फेटा बांधला. ते दोनच वाक्यं बोलले, "मी काय केलं न्हाय. नोकरी केली." कमळाक्का शाल घेऊन मान खाली घालून बसलेल्या. मग माईकवर माझं नाव. दोघा पोरांनी चित्र धरलं आणि उलगडलं.

आधी टाळ्या. मग टाळ्या थांबल्या.

वर्दीतला नागेश, न हसणारा, आणि त्याच्या चारही बाजूंनी झेंडू. वरून दोन्हीकडं उतरलेला आणि खाली छातीवर झोळ पडलेला. वेल कसली, हार! फोटोला घालतात तो हार! मी पाच दिवस बघत होतो आणि मला दिसला नाही. महाराजांचं चित्र होतं ते, कधीचे समाधिस्थ. त्यांच्या गळ्यातला हार उचलून जित्याजागत्या पोराला घातला मी.

कमळाक्का उठल्या. ओरडल्या नाहीत. "माझ्या लेकराला हार घातला व्हय मास्तर," एवढंच म्हणाल्या आणि शाल खुर्चीवर ठेवून घरात गेल्या. कडी लागल्याचा आवाज सगळ्या मांडवानं ऐकला.

काय डोकं माझं. काय डोळे. फुटले का नाहीत हे डोळे.

१० मे
संध्याकाळी बातमी, गोळीबार थांबला म्हणे. गल्लीत पेढे. नागेशचा फोन नाही.

चित्राचं काय करू? टांगता येत नाही. फाडायचं म्हणून कात्री घेतली, तर तो बघतोय. जाळायचं? त्याचा चेहरा? छे छे. पाण्यात सोडायचं? तेही तसलंच. माळ्यावर टाकावं तर माळ्यावर अडगळ असते, त्यात पोराला टाकू? शेवटी स्वच्छ पंचात गुंडाळून आमच्या कपाटात ठेवलं, सौ.च्या साड्यांशेजारी. रात्री जेवताना सौ. म्हणाली, "उद्या जाऊन पाय धरा."

११ मे, रवि.
गेलो. दार उघडलं नाही. आतून चुलीचा वास नव्हता, भांड्याचा आवाज नव्हता. उंबऱ्याशी पाच मिनिटं उभा राहिलो. गल्ली बघत होती. बघू दे.

१२ मे
एटीएमवर गेलो. पैसे काढायचे नव्हते. हवालदारांनी मला स्टूल दिलं आणि स्वतः पायरीवर बसले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या मास्तर. तुमच्या मनात काय पाप हुतं व्हय?"
"अक्का जेवतात का?"
"न्हाय. पानी पितीया. फोन मांडीवर घिऊन बसतीया. मी हितं आलो की घरात एकटीच की."

लोक आत जात होते, नोटा मोजत बाहेर येत होते. मग म्हणाले, "मी सीमेवर हुतो तवा ही अशीच बसायची हितं घरात. मला कुणी सांगितलंच न्हाय. रिटायर झाल्यावर कळलं. सत्कार तिचा करायचा तर तवा कुणीतरी दुपारचं तिच्याशेजारी बसाया पायजे हुतं. आता तरी बसा."

"मला दार उघडत नाहीत त्या."

"मग तिला तुमच्याकडं धाडतो."

१३ मे, मंगळ.
दुपारी दोनला कमळाक्का आल्या. डोक्यावर पदर, हातात फोन. कारखान्यात पहिल्यांदाच. सौ.नं पाणी दिलं. बसल्या नाहीत.

"कुटं हाय त्यो?"

मी कपाटातून आणला. पंचाची गाठ सोडली. त्यांनी चेहरा नाही बघितला. बोट खाली छातीवर ठेवलं, झेंडूच्या झोळावर.

"ह्ये काढायचं. कात्री लावायची न्हाय. माझ्या पोराला कात्री लागता कामा न्हाय."

"मग उसवावं लागेल अक्का. एकेक धागा. खालच्या टोकापासून."

"मग काढा की. मला कुटं जायचंय?"

चटईवर बसलो, कापड मधे. आडवा धागा सुईनं सैल करायचा आणि ओढायचा. एका इंचात साठ. सुरुवातीला मीच काढत होतो, त्या बघत होत्या. मग त्यांनी दुसरी सुई मागितली. माझ्यापेक्षा हात हलका. गोधड्या शिवलेला हात आहे तो. निघालेले धागे सौ. पंचावर मांडून ठेवत गेली. पिवळे पिवळे.

मी आयुष्यभर विणलं. उसवायला बसलो नव्हतो कधी. उलटं चालल्यासारखं वाटत होतं. एक धागा निघाला की कालचा दिवस गेला, आणखी एक निघाला की परवाचा. असंच काढत गेलो तर मांडव निघून जाईल, बातमी निघून जाईल, रजेचे अकरा दिवस पुन्हा शिल्लक उरतील. माग खडखडत होते आणि मी जागा होतो का, देव जाणे.

मधेच त्या म्हणाल्या, "लहानपणी उनाचं झोपायचा न्हाय. तुमच्या ह्याच दारात याचा, माग बघाया. ठावं हाय का तुमाला?"

नव्हतं. कोणीतरी पोरं येऊन बघत असायची. मी हाकलायचो. तेही सांगून टाकलं. त्या पहिल्यांदा हसल्या, तोंडावर पदर धरून.

पाचला उठल्या. फोन नाही. सौ.नं दिलेली अर्धी भाकरी खाल्ली.

१४ मे, बुध.
आज बारालाच आल्या. आपली सुई घेऊन.

बाहेर पारा ४३. बोलणं फार नाही. नागेश गुळाच्या पोळीला कसा रडायचा, भरतीला धावताना नख कसं निघालं, एवढंच अधूनमधून. दर थोड्या वेळानं फोन उलटा करून बघायच्या. रेंज आहे, चार्जिंग आहे. घंटा नाही. हवालदारांनी युनिटच्या ऑफिसात विचारलंय. "सगळे ड्यूटीवर हैत, काळजी करू नका" एवढंच उत्तर. त्यात नाव कोणाचंच नाही.

साडेतीनला झोळाचा शेवटचा पिवळा धागा निघाला. वर्दीचं दुसरं बटण दिसलं. खाली नुसते उभे धागे लोंबत होते, पांढरे. दोन्ही अंगाच्या फुलांच्या पट्ट्या अजून चेहऱ्याशेजारी तशाच होत्या. त्या काढायच्या तर प्रत्येक धाग्याबरोबर गाल निघणार, डोळा निघणार. ते मी सांगायच्या आधीच त्यांना कळलं होतं. सुई उचलून बाजूला ठेवली.

"हितंच थांबा मास्तर."

"कडेचं राहिलंय अक्का."

"ऱ्हाऊ द्या. गळा मोकळा झाला न्हवं? लई उकडतंय. वारा लागू दे त्याला."

आणि पदराचं टोक धरून त्या चित्राला वारा घालायला लागल्या. हळूहळू, झोपलेल्या पोराला घालतात तसा. सौ. उठून आत गेली, मला कळलं कशाला. मी मागवाल्याला हात केला, सगळे माग बंद करायला लावले. कारखान्यात एवढी शांतता मी कधी ऐकली नाही.

सहा वाजलेत. त्या अजून तिथंच आहेत. मी शेजारी बसून हे लिहितोय. फोन आमच्या दोघांच्या मधे आहे.