टोपणं जागच्या जागी

ता. ४, मंगळवार

चि. भिंगरीस आजीचे अ. उ. आ.

सगळ्यांत आधी कोण टपकलं म्हणशील, तर शिंपीणबाई. तू दिलेलं बरणीतलं टोमॅटोचं रोप बघायला. मातीचा कण नसताना ते वाढलं, हे तिला काही पटेना. मागोमाग पोस्टमन आला तो टपाल विसरून बसलाच. मी सांगितलं, माझी नात प्रयोगशाळेत एका झाडाचा गुण दुसऱ्यात घालते. शिंपीणबाई म्हणाली, म्हणजे ठिगळच लावते की. मी म्हटलं, तुझं ठिगळ दिसतं बाई, हिचं दिसत नाही.

रोप रविवारीच कुंडीत लावलं आणि दुपारी त्यानं मान टाकली. बरणीत लाडावलेलं ते, त्याला वारा कुठला माहीत. मग शेंडा खुडून पेल्यात पाण्यात ठेवला, वर काचेचं भांडं पालथं घातलं. बुडखा गेला, शेंडा तरारलाय. शुक्रवारी तो शिंपीणबाईला द्यायचं कबूल केलंय.

हो, एक राहिलंच. रोप घ्यायला तुझ्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा मला बसवून तू हात धुवायला गेलीस ना, तेव्हा टेबलावरच्या दोन बरण्या बघून मला राहवेना. निळ्या पट्टीच्या बरणीवर लाल टोपण, लाल पट्टीच्या बरणीवर निळं. मी आपली टोपणं जागच्या जागी लावून टाकली. आतला पातळ पडदा नाही हो उघडला. इतक्या शिकलेल्या पोरी तुम्ही, पण टोपणाला जोडी नाही.

जेवणाची वेळ चुकवू नकोस. तुझ्या पत्राच्या वाटेवर बसलेली,
आजी

ता. ६, गुरुवार

ती. आजीस शि. सा. न.

तुझं पत्र वाचून मी तशीच बरण्यांकडे धावले. आजी, आम्ही नंबर टोपणावर लिहितो, बरणीवर नाही. मी तुला साधं रोप द्यायला गेले आणि दिलं भलतंच. चार वर्षांत गुण लागलेलं आमचं एकुलतं एक रोप तुझ्याकडे आलं.

इथे राहिलेल्या रोपाचं पान आम्ही औषधावर ठेवलं होतं. गुण लागला असेल तर पान हिरवं राहतं. काल ते पांढरंफटक पडलं. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, महिनाअखेर हे काम बंद, मग तुझीही जागा राहणार नाही. आज तुझं पत्र आलं.

खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या एका रानगवताचा गुण टोमॅटोत घालायचा होता. आधी सोन्याच्या बारीक कणांना तो माखून बंदुकीने पानांवर मारला. पानं फाटली, गुण काही टिकला नाही. मग मातीतला एक जंतू घेतला. तो झाडात आपलं सामान सोडतो आणि खोडावर गाठ आणतो. त्याचं गाठीचं सामान काढून घेतलं, त्या जागी आपला गुण दिला आणि पानाचे तुकडे त्या जंतूच्या पाण्यात बुडवले. सातशे तुकड्यांतून एक रोप आलं. त्याचाच शेंडा तुझ्या पेल्यात आहे.

तो कुणालाही देऊ नकोस. परवानगीशिवाय असं रोप बाहेर जाताच कामा नये. शनिवारी मोठ्या बाई आणि बरण्या धुणारे मामा येतील. मला त्यांनी येऊ नको म्हटलंय.

रागावू नकोस, मीही रागावले नाही. तुझीच,
भिंगरी

ता. ८, शनिवार

चि. भिंगरीस अ. उ. आ.

काल पोस्टमननं पत्र हातात ठेवलं तेव्हा शिंपीणबाई शेंडा घेऊन जाऊन तास झाला होता. चपला उलट्यासुलट्या घालून गेले. पेला तिच्या खिडकीत, आतल्या बाजूला होता, आणि पेल्याला तिनं झालरीचा अंगरखा शिवलेला. परत मागितला तशी फुरंगटली. अंगरखा मात्र तिनं काढून घेतला.

आज आधी मामा आले, मागून बाई. टोपणांना हात कोणी लावला विचारलं. मी सांगितलं, मी. पोरीला बोलायचं असेल तर आधी मला बोला. बाईंनी आणलेले डबे उघडले. शेंडा, वाळका बुडखा, कुंडीतली माती, पेल्यातलं पाणीसुद्धा डब्यांत भरून घेतलं. मग हळूच विचारलं, शेंडा जगवलात कसा, आमच्याकडे बरणीतून काढलेली निम्मी रोपं मान टाकतात. मी दाखवलं. भांडं एकदम काढायचं नाही, रोज बोटभर उचलायचं. त्यांनी लिहून घेतलं. मामा म्हणाले, आता नंबर बरणीच्या पोटावर, टोपण कुणाचंही घाला.

तुझा जंतू मला समजला. चोराचं हत्यार काढून घेतलंस आणि त्याला टपाल वाटायला लावलंस. हे पोस्टमनला सांगितलं तर तो पिशवी काखेत आवळून उठलाच.

पोरी, हात माझा चुकला, झोप तुझी गेली. तेवढं मनात ठेवू नकोस. तुझी माया अशीच राहो.
आजी

ता. क. शेंड्याचं एक पान बाई औषधावर ठेवणार आहेत. हिरवं राहिलं तर तुला घेऊन येईन म्हणाल्या, नाहीतर एकट्याच. मी चहाचे पेले तीन काढून ठेवलेत. येणार आहेत गुरुवारी.