ताईच्या गालावरचा तीळ

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

तीस वर्षं खोडरबरावर ठसे कोरतेय, तरी आज नवशिक्यासारखी चुकले. कुंदाताईच्या वर्षश्राद्धाला नातेवाइकांना द्यायची कार्डं करत होते. चहाच्या पाण्यात रंगवलेला कागद, त्यावर तिच्या साडीचा काठ चिकटवलेला. मधे तिचा चेहरा छापला, फोटोशेजारी धरला, तर गालावरचा तीळ भलत्याच बाजूला! ठसा उलटा कोरायचा असतो. हे आम्ही दोघी बहिणी लहानपणी कोराडीच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये भेंड्या कापून त्यांचे ठसे मारत, कागद वाया घालवून शिकलो होतो. शिकवायला होतं कोण?

ताईची मुलगी बघून म्हणाली, "कोणाच्या लक्षात येते वं मावशी? राहू दे."

डोकंच फिरलं माझं. "सख्ख्या आईचा तीळ तुले आठवत नाही?" असं बोलायला नको होतं. पोरगी चहा न घेताच गेली.

मग नवं रबर घेतलं. फोटो पालथा घातला. म्हटलं, ताईला काय फोटोत बघून कोरायचं? डोळे मिटले. तिचं हसणं आठवलं, नाकातली चमकी आठवली. तीळ कुठल्या गालावर, ते काही केल्या आठवेना.

फोटो सुलटा करावा लागला.